तिसऱ्या बाजाराची सुई

माझ्या छातीतून आवाज येतो. बारीक, टिकटिक असा, जुन्या मनगटी घड्याळासारखा. खोलीतला पंखा बंद असला आणि कुणी बोलत नसलं की शेजारी बसलेल्यालाही तो ऐकू जातो. एकोणचाळिसाव्या वर्षी माझ्या हृदयातली एक झडप काढून तिच्या जागी धातूची बसवली, तेव्हापासूनचं हे आहे. विहाराला लागून असलेल्या खोलीत मी मुलांसाठी वाचनालय चालवते. तिथे नवं आलेलं पोरगं पहिले दोन दिवस भिंतीवर घड्याळ शोधतं. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारतं, "बाई, आवाज कुठून येऊन राहिला?" मी सांगते, "माझ्यातून." मग ते पुस्तक उघडतं. मुलांना खरं सांगितलं की त्यांचं समाधान होतं. मोठ्यांना त्यावर सल्ला द्यायचा असतो.

आमचं गाव कुरुंदा आणि शिरड शहापूर यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. गावात हळद आणि कापूस पिकतो, बुधवारी बाजार भरतो आणि वसमतहून दिवसाला तीन एसट्या येतात. इथल्याच शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. त्यात गणितही शिकवलं, हे पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

मी अकरा वर्षांची असताना माझा उजवा गुडघा सुजला. चार दिवसांनी तो बरा झाला आणि डावा घोटा दुखायला लागला. मग मनगट. जागा बदलणारं दुखणं कुणालाच खरं वाटत नाही. गुरुजींनी विचारलं, "काल तर पाय दुखत होता?" आणि ज्या हाताचं मनगट सुजलं होतं त्याच हाताच्या तळव्यावर छडी मारली. घरी आईनं एरंडाची पानं गरम करून बांधली. दुखणं आपोआप गेलं, त्यामुळे ते नव्हतंच अशी सगळ्यांची खात्री पटली. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी माझा घसा धरला होता, हे कुणी लक्षात ठेवायचं कारण नव्हतं. गळ्याचा आणि हृदयाचा संबंध फक्त गाण्यात असतो, असा तेव्हा समज होता.

चोविसाव्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात घागर उचलून चार पावलं टाकली की दम लागायचा आणि आडवं झालं की जीव गुदमरायचा. बायका म्हणाल्या, पहिलटकरणीचं असंच असतं. शेवटी नांदेडला एका डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का? एकामागून एक?" मुलगी झाली, दोघी वाचलो, आणि दुसऱ्या बाळंतपणाचा विचार करायचा नाही असं मला बजावण्यात आलं. तिशीत जिना चढवेना, तेव्हा सहकारी म्हणाले, खुर्चीवर बसून अंग जड झालंय. एकच आजार, पण वयाप्रमाणे त्याचं नाव बदलत गेलं. लहानपणी ढोंग, बाळंतपणात नेहमीचंच, पुढे सुखवस्तूपणा. खरं नाव फक्त दवाखान्याच्या फायलीवर होतं, आणि फाईल कपाटात.

त्या फायलीत लिहिलेली गोष्ट साधी आहे. एका खोलीत सहा जण झोपत असले की एकाचा धरलेला घसा सगळ्यांचा होतो. बहुतेकांचा बरा होतो. एखाद्या लेकराचं शरीर मात्र त्या जंतूशी भांडता भांडता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात. झडपेवर व्रण राहतो, आणि हा सांध्यांचा ताप जितक्या वेळा उलटतो तितका तो व्रण वाढतो. हे रोखणारं इंजेक्शन माझ्या लहानपणीही होतं. ते मला द्यायला हवं हे कुणाला माहीत नव्हतं, एवढंच.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वाचनालयात येणारी सहावीतली एक पोरगी लंगडताना दिसली. तिचे वडील पुण्याकडे कंपनीत कामाला असतात. आई रोजानं शेतात जाते, हळदीत खुरपण, नंतर कापसाची वेचणी. या आईलाही मीच शिकवलं होतं. तोंडी हिशेबात पक्की होती, लिहायची वेळ आली की पेन्सिल चावत बसायची. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

"लंगडती काहून?" मी विचारलं.

"नाटकं हायत, बाई. परवा गुडघा धरून बसली व्हती, आज म्हणती मनगट. शाळंत पाढे इचारून राहिले न, म्हणून."

पोरगी दारात उभी होती. मी तिचा हात हातात घेतला. मनगट तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं ऊन लागत होतं.

"परवाचा गुडघा खरा होता का?"

"व्हय," ती म्हणाली. "पण आता गेला ना तो. कसा दाखवू?"

हे वाक्य मला पन्नास वर्षांपूर्वी सुचलं असतं तर एक छडी वाचली असती.

योगायोगानं त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावर भव्य हृदयरोग तपासणी शिबिर होतं. भव्य हा शब्द मांडवावरच लिहिलेला होता, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. बॅनरवर अकरा चेहरे होते, त्यात डॉक्टर एकही नव्हता. मधोमध कोट घातलेला एक जाड माणूस छाती धरून वाकलेला दाखवला होता. आमच्या गावात इतकं जाड कुणी नाही, आणि कोट एकच आहे, तो लग्नसराईत या घरून त्या घरी फिरतो. मला 'हृदयविकारावर मात केलेल्या आदर्श शिक्षिका' म्हणून सत्काराला बोलावलं होतं. मी मात वगैरे केलेली नाही. रोज रक्त पातळ ठेवायची गोळी खाते आणि महिन्याला रक्त तपासून घेते. पण शाल घेताना असे बारकावे सांगत बसायचे नसतात.

मी पोरीला आणि तिच्या आईला बरोबर घेऊन नावनोंदणीच्या टेबलाशी गेले.

"चाळीसच्या वरचेच घ्यायचेत, बाई," टेबलामागचा माणूस म्हणाला. "फॉर्मवर तसा रकानाच हाय."

"मग ही चाळीसची झाली की आणते."

"व्हय, तवा आणा," तो मनापासून म्हणाला.

सत्कारमूर्ती असण्याचा एक उपयोग असतो, रांगेत उभं राहावं लागत नाही. मी माझ्या स्वतःच्या नावाचा फॉर्म घेतला आणि पोरीला पडद्यामागे नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर एकटाच बसला होता, कारण भाषणं संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही असा आयोजकांचा हुकूम होता. त्यानं पोरीचं मनगट पाहिलं, घसा कधी धरला होता ते विचारलं आणि नळी तिच्या छातीला लावली. थोड्या वेळानं कानातून काढली.

"मॅडम, मला फक्त त्यांचं भाषण ऐकू येतंय."

भोंगा बरोबर पडद्याच्या वर बांधला होता. व्यासपीठावरचे वक्ते सांगत होते की त्यांचं हृदय या गावासाठी रात्रंदिवस धडधडतं. डॉक्टरनं नळी दोनदा लावली, दोनदा काढली. "थांबू या," तो म्हणाला. "कधीतरी दम घेतील."

त्यांनी घेतला नाही, पण लाईट गेली. पंखे थांबले, भोंगा गप्प झाला आणि मांडवात एकदम शांतता पसरली. आमच्या गावच्या लाईटीला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत. त्या दिवशी मनातल्या मनात सगळी परत घेतली. डॉक्टरनं डोळे मिटले. श्वास घे. सोड. थांब. पुन्हा. त्या दोन मिनिटांत मला माझी टिकटिक ऐकू येत होती आणि पोरीची आई माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू परीक्षेचा निकाल माझ्याच हातात आहे.

"या आठवड्यातच नांदेडला न्या," तो म्हणाला. "इको करावा लागेल. मला वाटतं झडप गळतेय." त्यानं चिठ्ठी लिहिली तोवर लाईट आली आणि वक्त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नांदेडच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. झडप थोडी गळत होती, आकसलेली नव्हती. दहा दिवस ठेवून घेतलं, सांधे उतरले. घरी सोडताना त्यांनी आईला समोर बसवलं. "हा ताप पुन्हा आला नाही तर झडप अशीच राहील, सुधारेलसुद्धा. आला तर बिघडत जाईल." मग माझ्याकडे बघितलं. मी पाच मिनिटं त्यांच्या शांत खोलीत बसले होते, तेव्हा त्यांना माझा आवाज ऐकू गेलाच असणार. "कशी बिघडते ते या बाईंना विचारा. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. चुकवायचं नाही."

"किती दिस, साहेब?"

"वर्षं. पंचविशीपर्यंत तरी."

आईनं मान हलवली. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "बाई, एकवीस दिसाला म्हंजे महिन्याला का?"

"नाही. एकवीस म्हणजे एकवीस."

इथून पुढे चुका माझ्या. मी तिला कॅलेंडर दिलं, सतरा तारखांना लाल पेनानं गोल करून. तिनं ते मानानं फोटोंच्या शेजारी लावलं, आणि मानानं लावलेल्या वस्तूकडे आपण ज्या नजरेनं बघतो तसं बघत राहिली, म्हणजे न वाचता. दुसरी सुई दोन दिवस उशिरा झाली, तिसरी चार. उपकेंद्रातल्या सिस्टरचीही वेगळीच अडचण होती. पहिल्या सुया मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर झाल्या, मग त्यांच्या परवानगीनं गावातच द्यायचं ठरलं. पेनिसिलिनची रिअॅक्शन आली तर लागणारी औषधं तिनं ट्रेमध्ये मांडून ठेवली. पण तिच्या रजिस्टरात महिन्यांचे बारा रकाने होते आणि वर्षाच्या सुया सतरा. उरलेल्या पाच कुठे लिहायच्या असं तिनं वरती विचारलं. वरून उत्तर आलं की रजिस्टर छापील आहे.

मी पोरीच्या आईला रागावले. तारखा का पाळत नाहीस म्हटलं. ती ओट्यावर खुडूक कोंबडीला टोपलीखाली झाकत होती. टोपलीवर दगड ठेवून ती म्हणाली, "बाई, एकवीस दिस म्हंजे कोंबडीवानीच न्हाई का?"

"काय कोंबडीवानी?"

"आज बाजारच्या दिवशी बसवली की तिसऱ्या बाजाराला पिल्लं. तवा हिची सुई बी तिसऱ्या बाजाराला. तारीख कशाला पाह्यजे?"

सात त्रिक एकवीस. एकतीस वर्षं मी हा पाढा पोरांकडून घोकून घेतला होता आणि मला तो दिसला नाही. गावातल्या सगळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एकवीस दिवस न चुकता मोजत आल्या होत्या, आणि मी त्यांना लाल पेन दाखवत होते.

तेव्हापासून पोरीची सुई दर तिसऱ्या बाजाराला होऊ लागली. बाजारात आई मिरची, तेल घ्यायची, पोरगी तोवर उपकेंद्राच्या पायरीवर बसायची. ही सुई दुखते. औषध घट्ट असतं, घाईनं टोचलं तर पाय दोन दिवस जड होतो. सिस्टरनं त्यावर आपली एक पद्धत काढली. औषध भरलेली सुई ती आधी मुठीत धरून कोमट करायची, मग पोरीला म्हणायची, "म्हण एकवीसचा पाढा." पाढा संपेपर्यंत ती औषध हळूहळू आत सारायची. पोरगी घाई करायला लागली की सिस्टर थांबायची. "गाडी चुकून राहिली का तुझी?"

बातमी बाजारातच पसरली, कारण बाजार त्यासाठीच असतो. सहा महिन्यांत पायरीवर हाच आजार असलेली पाच जणं झाली. चौथीतली एक मुलगी, आमची पोरगी, मांडीवर तान्हं घेतलेली एक सून, तिशीतला एक रिक्षावाला आणि मी. मला सुई नव्हती. ज्या वयात ती मला मिळायला हवी होती ते वय निघून गेलं होतं. मी नुसती बसायचे आणि टिकटिक करायचे. आम्हा पाच जणांना वयाच्या क्रमानं बसवलं असतं तर तो आजार कसा पुढे सरकतो हे कुणालाही बोट दाखवून शिकवता आलं असतं. सगळ्यांत जास्त भीती रिक्षावाल्याला वाटायची.

"भरल्या रिक्षात अकरा माणसं कोंबताना भेव वाटत न्हाई अन् सुईला काहून वाटतं, दाजी?" सून विचारायची.

"ती माणसं बसतेत, वयनी. टोचत न्हाईत."

मग मतदान आलं. ते बुधवारी होतं, आणि मतदानाच्या दिवशी आठवडी बाजार बंद ठेवायचा असा हुकूम निघाला. मी त्या दिवसांत नांदेडला मुलीकडे होते. रक्त तपासायला गेले आणि तिनं बारा दिवस ठेवून घेतलं. परत आले त्या मंगळवारी दुपारी वाचनालय उघडलं, तर पोरगी गळ्याला ओढणी गुंडाळून बसलेली.

"घसा दुखून राहिला, बाई. दोन दिस झाले. आई हळदीचं दूध देऊन राहिली."

आमच्याकडे हळदीवर एवढा विश्वास आहे की तिला काही जमत नसेल असं कुणाला वाटत नाही. मी विचारलं, "मागच्या बुधवारी सुई झाली ना?"

"मागच्या बुधवारी बाजार कुठं व्हता?"

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. सत्ताविसावा दिवस होता. सुईचा जोर उतरल्यावर सहा दिवस ती उघडी होती, आणि नेमका त्यातच घसा धरला होता.

तिची आई वेचणीहून येत होती. मी तिला रस्त्यातच गाठलं.

"तिसरा बाजार उद्या हाय की, बाई," ती म्हणाली. डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं, तरी एका हातानं ती मोजू लागली. "ह्यो एक. त्याच्याम्होरला एक. मागचा तर भरलाच न्हाई..."

ती थांबली. बोट तसंच वर राहिलं.  ती तोंडी हिशेबात पक्की होती, तिला सांगायची गरज नव्हती. तिनं गाठोडं खाली टाकलं आणि त्यावरच बसली.

"कोंबडी काय बाजार बंद हाय म्हणून आठ दिस जास्त बसती का," ती म्हणाली. "न्हाई बसत. बाजार बंद व्हता. बुधवार न्हवता बंद."

आम्ही तशाच सिस्टरच्या घरी गेलो. तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. मतदानाच्या दिवशी तिची ड्यूटी शाळेतल्या मतदान केंद्रावर होती, उपकेंद्रापासून हाकेच्या अंतरावर. "आठ तास औषधांची पेटी घेऊन बसले होते, बाई. एका माणसाला चक्कर आली म्हणून साखरपाणी दिलं. ही पोरगी समोरून दोनदा गेली. मला आठवलं नाही, कारण बाजाराचा गोंगाट नव्हता." तिघींनीही एकच चूक केली होती. न भरलेला बाजार कुणीच मोजला नव्हता. सून आणि चौथीतल्या मुलीची आई तेच करून बसल्या होत्या. रिक्षावाला मात्र निवडणुकीच्या भाड्यात होता, त्याला आठवण होती आणि त्यानं ती मुद्दाम कुणाला करून दिली नाही, हे त्यानं पुढे स्वतःच कबूल केलं.

सिस्टरनं त्याच संध्याकाळी उपकेंद्र उघडून सगळ्यांना सुया दिल्या. नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, या सुईनं घशाचंही औषध झालं, आता तीन आठवडे सांध्यांवर लक्ष ठेवा. ताप उलटायचा असेल तर तेवढ्यात दिसेल.

म्हणजे उद्याचा सोडून पुन्हा तीन बाजार. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची वाट पाहिली आहे, बदलीच्या ऑर्डरची, ऑपरेशनच्या तारखेची. पण दुसऱ्याच्या गुडघ्यांची वाट पाहणं यापेक्षा अवघड असतं. आई रोज वेचणीला जायच्या आधी पोरीचे गुडघे, घोटे, मनगटं चाचपायची. संध्याकाळी मी विचारायचे.

"आई बाजारात वांगी दाबून बघती तसं करून राहिली," पोरगी वैतागून म्हणाली. मग पुस्तकात डोकं घालून बसली. पान उलटलं नाही. आई तिला न्यायला दारात आली होती, ते तिला दिसलं नसावं. "बाई, खरंच दुखलं तर सांगायचं ना?"

"हो. लगेच."

"अन् दुसऱ्या दिवशी दुसरीकडं दुखलं तर? खरं धराल का?"

मी उत्तर द्यायच्या आधी दारातून आवाज आला. "धरीन," आई म्हणाली. "रोज नवीन जागा सांग. रोज धरीन."

दुसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी पोरगी कोपर धरून आली. माझ्या धातूच्या झडपेनंही एक ठोका गाळला असावा. आईनं कोपर उघडं करून पाहिलं. त्यावर खरचटलं होतं, माती होती.

"कबड्डीत पडले," पोरगी म्हणाली. "हे सांगायचं का न्हाई ते कळंना. मग म्हटलं, सगळंच सांगायचं ठरलंय."

आईनं तिला जवळ घेतलं, मग कबड्डी खेळल्याबद्दल एक धपाटा घातला. माझ्या मते दोन्ही बरोबर होतं.

तिसरा बाजार भरला. गुडघे गुडघ्यांसारखेच होते. सुई झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही इको करायला नांदेडला गेलो. डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. जुना कागद काढून ताडून पाहिला. "वाढलेली नाही," ते म्हणाले. "उलट गळती आधीपेक्षा थोडी कमीच वाटते. असंच चालू ठेवा."

 पोरीनं डॉक्टरांना विचारलं, "मला ऐकू येईल का?" त्यांनी नळी तिच्या कानात घातली आणि दुसरं टोक तिच्याच छातीवर ठेवलं. ती गंभीरपणे ऐकत राहिली. मग परवानगी न विचारता तिनं ते टोक उचलून माझ्या छातीला लावलं.

"बाई, तुमचं लईच बराबर वाजतं."

"धातूचं आहे. तुझं असं वाजलं नाही तरी चालेल."

बाहेर आल्यावर तिच्या आईनं केळी घेतली आणि एकामागून एक माझ्या हातात देत राहिली. तिला आनंद झाला की ती लोकांना खायला घालते. मी चार खाल्ली.

नंतर आमची कीर्ती वरती पोचली. एक दिवस दोन गाड्या भरून पाहुणे आले. त्यांनी आमच्या पायरीला एक लांबलचक नाव देऊन त्याचं बॅनर लावलं. त्यातल्या मुख्य साहेबांनी पोरीच्या आईला विचारलं, "ताई, या कल्पनेची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?"

"कोंबडीपासून," ती म्हणाली.

साहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. अहवालात ते 'पारंपरिक लोकज्ञान' असं छापून आलं. नवीन रजिस्टरही मिळालं, गुळगुळीत कागदाचं. त्यात बारा रकाने आहेत. सिस्टर पट्टी घेऊन पुढच्या कोऱ्या जागेत उरलेले पाच स्वतः आखते. बॅनर पहिल्या वाऱ्यात फाटलं. ते आता सुनेनं गोठ्यावर घातलंय आणि पाणी गळत नाही, म्हणजे त्या दिवसाचा अगदीच उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही.

गेल्या महिन्यात कशावरून तरी तालुका बंद होता. बुधवारच होता, आणि तिसरा. एसटी नव्हती, दुकानं मिटलेली, बाजाराच्या मैदानावर दोन कुत्री आणि एक रिकामा टेम्पो. आठवण करायला एकेकाच्या घरी जावं म्हणून मी जरा लवकर निघाले. या वयात लवकर निघणं म्हणजे हळू चालणं.

सुईची चौघंही आधीच आलेली होती. रिक्षावाला सगळ्यांत पुढे. तान्हं आता धावतं, ते कुत्र्यांच्या मागे होतं आणि सून त्याला हाका मारत होती. पोरीची आई भिंतीला टेकून शेंगा सोलत होती.

"बाई, उशीर केला," ती म्हणाली.

"बाजार नाही आज. म्हटलं, विसराल."

"बाजार कोन मोजतंय आता," ती म्हणाली आणि मला बसायला जागा केली.

आमची पोरगी आता आठवीत आहे. तिला पाढा लागत नाही. ती आत चौथीतल्या मुलीचा, म्हणजे आता सहावीतल्या, हात धरून उभी होती. सिस्टरनं मुठीतली सुई उघडली. दारातून पाढा ऐकू येत होता, पंधरा-सोळा सेकंद नीट, मग मध्येच अडकला.

"एकवीस आठे?" पोरीनं विचारलं. उत्तर येईना. सिस्टर थांबली असणार, कारण रडण्याचा आवाज आला नाही.

"घाई न्हाई," पोरगी तिला म्हणाली. "आठव. आमी हाव इथंच."